डिस्कवर्ल्ड वाचायला घ्यायचंय. ४१ पुस्तकांतून सुरुवात कुठून करू?

अनघा_वाचते

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात टेरी प्रॅचेटची तीन पुस्तकं एकदम हाती लागली. 'जिंगो', 'द फिफ्थ एलिफंट' आणि 'नाइट वॉच'. मागचा मजकूर वाचून तिन्ही उचलली. घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं की ही डिस्कवर्ल्ड या मालिकेतली आहेत आणि मालिकेत तब्बल ४१ कादंबऱ्या आहेत. पहिली १९८३ सालची, शेवटची २०१५ ची.

चाहत्यांनी काढलेला एक तक्ताही सापडला. कुठलं पुस्तक कुठल्या पुस्तकाला जोडलंय ते बाणांनी दाखवलंय. तो बघून गोंधळ वाढला. कोणी सांगतं पहिल्यापासून वाचा, कोणी सांगतं पहिल्याला सुरुवातीला हातही लावू नका.

माझ्याबद्दल थोडं: इंग्रजी वाचनाची सवय आहे, पण खास ब्रिटिश विनोद सगळा पोचेल याची खात्री नाही. फँटसीत हॅरी पॉटर पूर्ण झालंय, टॉल्किन अर्ध्यावर आहे. वाचन होतं ते बहुतेक ठाणे–सीएसएमटी लोकलमध्ये. हातात आहेत त्या तिनांपैकी एखादं सुरू करू का? की आधी दुसरं काही आणू?

कृपया कथानक फोडू नका.

कळफलक

चांगला धागा. सध्या रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

जुना_वाचक

अनघाताई, माझं मत सरळ आहे: प्रकाशनक्रमाने वाचा. 'द कलर ऑफ मॅजिक' (१९८३), लगोलग 'द लाइट फँटॅस्टिक' (१९८६), आणि मग पुढे.

याला कारण आहे. पहिल्या पुस्तकात टूफ्लॉवर नावाचा एक पर्यटक येतो. त्या जगातला पहिलाच पर्यटक. त्याच्या मागे शेकडो पायांवर चालणारी, स्वतःची मर्जी असलेली पेटी. त्याला जग दाखवायची जबाबदारी येऊन पडते रिन्सविंडवर, ज्याला एकही मंत्र धड येत नाही अशा पळपुट्या जादूगारावर. टूफ्लॉवरला सगळ्याचंच अप्रूप वाटतं, आणि वाचकही त्या जगात नवखाच असतो. चार हत्तींच्या पाठीवर तोललेली तबकडीसारखी पृथ्वी, ते हत्ती एका महाकाय कासवाच्या पाठीवर उभे, आणि ते कासव अवकाशात पोहत चाललंय. हे चित्र पहिल्यांदा बघायचं तर पहिल्याच पुस्तकात बघावं.

दुसरं म्हणजे, हे लिहिताना प्रॅचेट वीजनिर्मिती मंडळात प्रसिद्धी अधिकारी होते. अणुवीज केंद्रांबद्दल पत्रकारांना उत्तरं द्यायची नोकरी. ती करता करता चार पुस्तकं झाली, १९८७ मध्ये नोकरी सुटली, आणि मग वर्षाला कधी एक, कधी दोन पुस्तकं येऊ लागली. हा माणूस लेखक म्हणून पुस्तकागणिक कसा वाढत गेला हे बघण्यात वेगळा आनंद आहे. मधूनच उडी मारली की तो आनंद हुकतो.

खिडकीपाशी

जुना_वाचक यांच्याबद्दल आदर आहे, पण या मुद्द्यावर माझा ठाम विरोध आहे. जरा लांब लिहिते, विषय जिव्हाळ्याचा आहे.

लेखक वाढत गेला हे खरंच. पण त्याची वाढ कोणाला बघावीशी वाटेल? ज्याचं आधीच त्याच्यावर प्रेम बसलंय त्याला. नवख्या वाचकाला आधी ते प्रेम बसायला हवं. 'द कलर ऑफ मॅजिक' हे त्या काळच्या तलवार-आणि-जादू छापाच्या इंग्रजी कादंबऱ्यांचं विडंबन आहे. फ्रिट्झ लायबर, लव्हक्राफ्ट, अ‍ॅन मॅककॅफ्री यांच्या वाचकांना त्यातली प्रत्येक कोपरखळी लागते. आपल्यापैकी किती जणांनी लायबर वाचलाय? मूळ माहीत नसेल तर विडंबनातलं निम्मं हरवतं. शिवाय ती कथा चार तुकड्यांत आहे आणि शेवट असा अधांतरी सोडलाय की दुसरं पुस्तक हाताशी नसेल तर हिरमोड ठरलेला.

आणखी एक गोष्ट. पुढच्या पुस्तकांत ज्यांच्यावर जीव जडतो ती माणसं पहिल्या पुस्तकात अजून घडलेलीच नाहीत. मृत्यू हे मालिकेतलं बहुधा सर्वात लाडकं पात्र. तो पहिल्या पुस्तकात खुनशी आहे, रिन्सविंडवर डूख धरून बसलेला. ज्याला माणसांबद्दल कुतूहल आहे, मांजरं आवडतात, जो आपलं काम चोख आणि मनाने करतो, तो मृत्यू पुढे 'मॉर्ट'मध्ये भेटतो. मालिकेतलं मुख्य शहर अँख-मॉरपॉर्क, त्याचा शासकही तिथे बिननावाचा, गोडघाशा, जाडजूड. त्याचा सडपातळ, थंड डोक्याचा व्हेटिनारी व्हायला अजून बराच वेळ आहे.

म्हणून माझं उत्तर: 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९).

का, ते कथानक न फोडता सांगते. फँटसी सिनेमा किंवा पुस्तक आठवा. नायक राजवाड्यात शिरतो आणि 'शिपाई!' अशी आरोळी उठते. शिपाई धावत येतात, एकेक करून नायकावर चाल करतात, एकेक करून मरतात. त्यांची नावंही आपल्याला कळत नाहीत. प्रॅचेटने हे पुस्तक त्याच शिपायांना अर्पण केलंय. तुम्हाला मरायचं होतं का, असं त्यांना कधीच कोणी विचारलं नाही, असं तो अर्पणपत्रिकेत म्हणतो. आणि मग पुढचं सगळं पुस्तक त्यांना देतो.

सुरुवातीलाच रात्रपाळीच्या पहाऱ्याचा कॅप्टन सॅम व्हाइम्स पावसात, दारूच्या नशेत गटारात पडलेला आहे. नुकतंच एका सहकाऱ्याला पुरून आलाय. पहाऱ्यात आता उरलेत मोजून तीन जण आणि शहरात त्यांना कुत्रंही विचारत नाही. कारण अँख-मॉरपॉर्कमध्ये चोरीसुद्धा अधिकृत आहे. चोरांचा संघ आहे, त्याला वर्षाचा कोटा ठरवून दिलाय, आणि चोरी झाली की पावती मिळते. अशा शहरात एक नवा शिपाई दाखल होतो. कॅरट, साडेसहा फूट उंच, बुटक्यांनी खाणीत वाढवलेला, आणि म्हणून स्वतःला मनापासून बुटका समजणारा. येताना त्याने कायद्याचं जुनं पुस्तक तोंडपाठ केलंय. पुस्तकात चोराला पकडावं असं लिहिलंय, म्हणून तो जाऊन चोरांच्या संघाच्या अध्यक्षालाच पकडतो.

तिथून पुढे ड्रॅगन येतो. पण मला विचाराल तर त्या पुस्तकात ड्रॅगनपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे व्हाइम्स हळूहळू उठून उभा राहतो ती. आठ पुस्तकांत हा माणूस वय वाढत जाताना दिसतो. नोकरी, लग्न, मूल, न मागता मिळालेले मानमरातब, आणि आतला राग लगामात ठेवायची रोजची धडपड. इतक्या लांबीचं, इतकं सच्चं व्यक्तिचित्र मी फँटसीत दुसरं वाचलेलं नाही.

आता तुमच्या हातातल्या तिनांबद्दल. अनघा, तुमचं नशीब जोरावर आहे. पहाऱ्याच्या उपमालिकेतला क्रम असा: गार्ड्स! गार्ड्स!, मेन अ‍ॅट आर्म्स, फीट ऑफ क्ले, जिंगो, द फिफ्थ एलिफंट, नाइट वॉच, थड!, स्नफ. तुमच्याकडे चौथं, पाचवं आणि सहावं ओळीने आहे! आधीची तीन मिळवा, म्हणजे सहा पुस्तकांची सलग वाट तयार.

अनघा_वाचते

बापरे, खिडकीपाशी, किती मनापासून लिहिलंत. धन्यवाद! पण एक शंका. 'जिंगो'चा मागचा मजकूर वाचून वाटतं की ते स्वतंत्र गोष्ट म्हणूनही चालेल. समुद्रातून एक बेट वर येतं आणि दोन देश त्यावरून भांडतात. ते आधी वाचलं तर काय बिघडेल?

खिडकीपाशी

गोष्ट कळेल, काही अडणार नाही. ते पुस्तक आजच्या घडीलाही फार लागतं. युद्धाचा ज्वर चढला की काल शेजारी असलेला माणूस एका रात्रीत शत्रू कसा होतो, ते त्यात आहे.

पण शेवटाकडे एक जागा आहे. व्हाइम्सकडे दिवसभराच्या कामांची आठवण करून देणारं एक छोटं जादूचं यंत्र असतं. एका प्रसंगी ते यंत्र भलत्याच वाटेवरच्या दिवसाची नोंद वाचू लागतं, म्हणजे व्हाइम्सने दुसरा निर्णय घेतला असता तर जो दिवस उगवला असता त्याची. त्यात एकामागून एक नावं येतात. एवढंच सांगते. ती नावं ज्यांना आधीच्या तीन पुस्तकांपासून माहीत आहेत, त्यांना ते पान पुढे वाचवत नाही. ज्याने 'जिंगो'नेच सुरुवात केली, त्याच्यासाठी ती नुसती नावं राहतात. मजकूर तोच, पान तेच. मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते. तुम्हाला ते पान पूर्ण मिळावं असं फार वाटतं.

दूरदेशी

इंग्लंडमधून लिहितोय. खिडकीपाशी यांना +१००. 'नाइट वॉच'बद्दल माझाही आग्रह आहे: ते कपाटात नीट ठेवा आणि पहिली पाच होईपर्यंत उघडू नका. मालिकेतलं सर्वश्रेष्ठ पुस्तक म्हणून अनेक जण त्याच पुस्तकाचं नाव घेतात, म्हणून नवे वाचक तिथूनच सुरुवात करतात. त्यात व्हाइम्स तीस वर्षं मागे, स्वतःच्या तरुणपणीच्या शहरात जाऊन पडतो (हे मागच्या मजकुरातच असतं, त्यामुळे फोडलं असं नाही). आजचं शहर आणि आजची माणसं ओळखीची झाली असतील तरच कालचं शहर बघून काळजात काहीतरी होतं. दर २५ मे रोजी इथे प्रॅचेटचे वाचक कोटाला लायलॅकची फुलं लावतात. त्याचं कारण त्याच पुस्तकात आहे, ते तिथेच कळू दे.

ब्रिटिश विनोदाची धास्ती सोडा. काही शब्दखेळ निसटतील, ते मूळ इंग्रजांनाही निसटतात. पण चोरीची पावती समजायला ब्रिटिश असावं लागत नाही.

अवांतर: सॉमरसेटमध्ये विनकँटन नावाचं एक छोटं गाव आहे. २००२ मध्ये ते रीतसर अँख-मॉरपॉर्कचं जुळं शहर झालं. तिथल्या नव्या वसाहतीतल्या दोन रस्त्यांना पुस्तकांतलीच नावं आहेत, पीच पाय स्ट्रीट आणि ट्रीकल माइन रोड. कोणी इकडे आलात तर पाटीपाशी उभं राहून फोटो नक्की काढा.

मृद्गंध

सगळे शहरातच रमलेत, म्हणून मी डोंगरातल्या गावाची बाजू घेते. माझं मत 'विर्ड सिस्टर्स' (१९८८).

ग्रॅनी वेदरवॅक्स ही चेटकीण आहे, पण जादू ती फारच कमी करते. समोरच्या माणसाला काय ऐकण्याची गरज आहे ते ती ओळखते आणि तेवढंच बोलते. गावात बाळंतपण असो, आजारपण असो, मरण असो, रात्री-अपरात्री तिलाच बोलावणं जातं. लोक तिचा मान राखतात, थोडे घाबरतातही, आणि काम झालं की आभार मानायला मात्र सोयीस्कर विसरतात. अशी एखादी करारी बाई आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आजोळी होती. तिच्या जोडीला नॅनी ऑग, भरल्या घराची, खाण्यापिण्याची आणि चावट गाण्यांची शौकीन. आणि तिसरी धाकटी मॅग्राट, जिचा ताईत-अंगठ्यांवर फार विश्वास.

कथा शेक्सपिअरवर बेतलेली आहे, 'मॅकबेथ' आणि थोडा 'हॅम्लेट'. आणि इथे मराठी वाचकाचं काहीही अडत नाही. शिरवाडकरांचा 'राजमुकुट' आणि आगरकरांचा 'विकारविलसित' आपल्याकडे आहेत. लायबर वाचलेला नसेल, पण हातावरचं रक्त धुतलं जात नाही हे आपल्याला ठाऊक असतं. प्रॅचेटचा खुनी ड्यूक हात धुऊन थांबत नाही, तो कानस आणि शेवटी चीजची किसणी घेऊन हात घासतो. वाचताना हसू येतं आणि त्याच क्षणी अंगावर काटाही येतो.

याच्या आधीचं 'ईक्वल राइट्स' (१९८७) मुलीला जादूगार होऊ न देणाऱ्या विद्यापीठाबद्दल आहे. विषय उत्तम, पण त्यातली ग्रॅनी अजून कच्ची आहे. नंतर वाचलं तरी चालतं.

शून्यप्रहर

एकच पुस्तक वाचून ठरवायचं असेल की हा लेखक आपला आहे की नाही, तर 'स्मॉल गॉड्स' (१९९२). मागेपुढे काहीच वाचावं लागत नाही.

ओम हा महान देव. मोठा थाटमाट करून अवतार घ्यायला निघतो आणि अडकतो एका साध्या कासवाच्या देहात. गरुड त्याला उचलतो आणि तो पडतो मंदिराच्या बागेत. देशभर त्याच्या नावाने मंदिरं आहेत, पुरोहित आहेत, छळघरं आहेत. पण त्याच्यावर खरी श्रद्धा असलेला माणूस उरलाय एकच: ब्रुथा, बागेत भोपळे-खरबुजं लावणारा, अक्षरओळख नसलेला, आणि कुठलीच गोष्ट न विसरणारा मुलगा. देवाची ताकद श्रद्धेवर अवलंबून असते, म्हणून देव कासव. बाकीचे सगळे भक्त देवाला नव्हे, देवाच्या नावाने उभ्या राहिलेल्या यंत्रणेला भितात.

त्या देशाचा धर्म सांगतो की पृथ्वी गोल आहे. ती तबकडी आहे आणि कासवावर आहे, असं म्हणणं पाखंड. आणि त्या जगात खरं तेच आहे! गॅलिलिओची गोष्ट उलटी करून प्रॅचेटने असं दाखवलंय की प्रश्न गोल की सपाट हा नव्हताच, डोळ्यांनी दिसतं ते बोलायची मुभा आहे की नाही हा होता.

आपल्याकडे देवळात शिरताना आधी फरशीवरच्या दगडी कासवाला हात लावतात. लहानपणापासून तेच करत आलेल्या माणसाने हे पुस्तक वाचलं की ते वेगळ्या जागी जाऊन भिडतं. श्रद्धेची टिंगल त्यात कुठेच नाही. शेवटी ब्रुथा आपल्या देवाशी ज्या अटींवर बोलतो, ते श्रद्धाळू आणि नास्तिक दोघांनीही वाचावं.

नाशिकची_रेवा

वाचनखूण साठवली. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिच्या निमित्ताने मी या मालिकेत शिरले, म्हणून आमची वाट सांगते: 'द वी फ्री मेन' (२००३), टिफनी एकिंगचं पहिलं पुस्तक.

टिफनी नऊ वर्षांची. मेंढपाळाच्या घरची, लोणी-चीज करण्यात पटाईत. नदीतून एक भयंकर राक्षसीण वर येते, तिचे डोळे सूपच्या बशीएवढे असतात असं परीकथांच्या पुस्तकात लिहिलेलं. टिफनी घरी जाऊन सूपची बशी मोजते. आठ इंच. मग धाकट्या भावाला आमिष म्हणून नदीकाठी बसवते आणि तवा घेऊन दबा धरते. माझ्या लेकीने तिथेच ठरवलं की ही आपली मैत्रीण.

मुलांसाठी म्हणून लिहिलं असलं तरी यात काही पातळ केलेलं नाही. आजी गेल्याचं दुःख त्यात जसं आलंय तसं मोठ्यांच्या पुस्तकांतही क्वचित येतं. फक्त एक सांगते, त्यातल्या निळ्या, चिमुकल्या फीगल मंडळींची बोली स्कॉटिश वळणाची आहे. नुसती वाचली तर कळत नाही, मोठ्याने वाचली की कळते. आम्ही रात्री आलटून पालटून मोठ्याने वाचायचो.

टिफनीचं पाचवं पुस्तक, 'द शेफर्ड्स क्राउन', हे प्रॅचेटचं शेवटचं. ते त्यांच्या निधनानंतर आलं. ते सुरुवातीला चुकूनही घेऊ नका. त्यातलं पहिलंच मोठं दुःख असं आहे की आधीची चेटकिणींची पुस्तकं वाचलेल्यालाच ते पेलतं.

मृद्गंध

रेवा, अगदी. मी ते पुस्तक आणून बरेच दिवस उघडलं नव्हतं. ते वाचलं की पुढे नवीन काही उरणार नाही, म्हणून.

कळफलक

आलो. आमच्या संगणकवाल्यांच्या जमातीचं मत 'गोइंग पोस्टल' (२००४) ला जातं. एका भामट्याला फाशीच्या दोरावरून उतरवून बंद पडलेलं टपाल खातं चालवायला देतात. इमारतीत वर्षानुवर्षं न वाटलेल्या पत्रांचे ढिगारे, आणि स्पर्धेला क्लॅक्स, म्हणजे उंच मनोऱ्यांवरून झडपांच्या उघडझापीने संदेश पाठवणारी खाजगी कंपनी. मालकांनी ती स्वस्तात गिळलीय, देखभाल बंद केलीय, आणि मनोऱ्यांवर माणसं मरतायत. हे पुस्तक सुटं वाचता येतं, यात प्रकरणं आहेत आणि वेगही आहे.

क्लॅक्सवाल्यांची एक रीत आहे. कामावर मेलेल्या माणसाचं नाव ते मनोऱ्यांवरून फिरतं ठेवतात. नावाच्या आधी तीन अक्षरं: जी म्हणजे पुढे पाठवा, एन म्हणजे नोंद करू नका, यू म्हणजे टोकाला पोचलं की परत फिरवा. ज्याचं नाव अजून घेतलं जातंय तो पुरता गेलेला नसतो, अशी त्यामागची समजूत. १२ मार्च २०१५ ला प्रॅचेट गेले. त्यानंतर जगभरच्या लोकांनी आपापल्या संकेतस्थळांच्या हेडरमध्ये 'एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड' अशी एक ओळ घातली, त्यापुढे ती तीन अक्षरं आणि प्रॅचेटचं नाव. पान उघडणाऱ्याला ती दिसत नाही, पण सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत ते नाव पाठवत राहतो. माझ्या छोट्याशा ब्लॉगवर ती ओळ आजही आहे.

जुना_वाचक

सगळ्यांचं वाचलं. माझं म्हणणं थोडं वेगळ्या शब्दांत मांडतो, कारण एक मुद्दा कोणी घेतला नाही.

उपमालिका सुट्या आहेत, पण शहर एकच आहे आणि ते बदलत जातं. सुरुवातीला पहाऱ्यात फक्त माणसं. 'मेन अ‍ॅट आर्म्स'मध्ये ट्रोल आणि बुटके भरती होतात, आणि त्यांचं आपसात हाडवैर. 'फीट ऑफ क्ले'मध्ये गोलेमांना, म्हणजे राबणाऱ्या मातीच्या पुतळ्यांना, स्वतःची मालकी मिळू शकते का हा प्रश्न उभा राहतो. 'द ट्रुथ' (२०००) मध्ये छापखाना आणि वर्तमानपत्र. मग टपाल, बँक, आणि 'रेझिंग स्टीम' (२०१३) मध्ये आगगाडी. गावठी, घाणेरडं, जादूने भरलेलं शहर तीस वर्षांत आधुनिक होतं, आणि प्रत्येक नव्या शोधासोबत कोणाला तरी पहिल्यांदा माणूस म्हणून मोजावं लागतं. हे चित्र क्रमाने वाचणाऱ्यालाच पूर्ण दिसतं. चेटकिणींची सहाच्या सहा वाचून मग पहाऱ्याकडे आलात तर काळ मागेपुढे होतो.

म्हणून सुरुवात 'गार्ड्स!'पासून करा, हरकत नाही. पण पहाऱ्याची आठही एका दमात संपवू नका. आणि चार-पाच पुस्तकं झाली की रिन्सविंडला एकदा न्याय द्या.

खिडकीपाशी

हे पटलं. आणि शहर बदलतं म्हणालात त्यावरून: अनघा, 'मेन अ‍ॅट आर्म्स' (१९९३) मध्ये व्हाइम्सचा बुटांचा हिशेब येईल. चांगले बूट पन्नास डॉलरचे, दहा वर्षं टिकणारे. स्वस्तातले दहा डॉलरचे, एखाद-दोन मोसमांत तळ गेलेले. गरिबाला पन्नास एकदम जमत नाहीत, म्हणून तो दहा वर्षांत बुटांवर शंभर घालवतो आणि तरी त्याचे पाय ओलेच. पगाराला अडतीस डॉलर असलेला कॅप्टन श्रीमंतांच्या घरातलं जुनं टिकाऊ सामान बघताना हे मनाशी मांडतो. २०२२ मध्ये इंग्लंडात जॅक मन्रो यांनी गरिबांच्या महागाईचा निर्देशांक मांडायचं ठरवलं तेव्हा त्याला व्हाइम्सच्या बुटांचंच नाव दिलं, प्रॅचेट कुटुंबाच्या संमतीने.

अनघा_वाचते

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन व्यावहारिक प्रश्न. एक, लोकलमध्ये तुकड्या-तुकड्यांत वाचून जमेल का? दोन, ऑडिओबुक कसं आहे?

खिडकीपाशी

बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत, कथा छोट्या-छोट्या प्रसंगांत पुढे सरकते आणि मध्ये एक ओळ मोकळी सुटते. त्यामुळे ठाणे ते सीएसएमटीत चार-पाच प्रसंग आरामात होतात. तळटीपा मात्र सोडू नका, अर्धी गंमत त्यांत आहे. म्हणून पहिलं पुस्तक तरी कागदी घ्या. फोनवर टीप शेवटी जाऊन बसते आणि जा-ये करण्यात लय तुटते.

दूरदेशी

ऑडिओची नवी ध्वनिमुद्रणं २०२२ पासून आली. पहाऱ्याची पुस्तकं जॉन कलशॉ यांनी वाचलीत, चेटकिणींची इंदिरा वर्मा यांनी, 'स्मॉल गॉड्स' अँडी सर्किस यांनी. तळटीपा सगळीकडे बिल नाय यांच्या आवाजात आणि मृत्यूचे संवाद पीटर सेराफिनोविच यांच्या. छापील पुस्तकात मृत्यू अवतरणचिन्हांविना, मोठ्या लिपीतल्या अक्षरांत बोलतो. ऐकताना तो वेगळा आवाज आला की पाठ ताठ होते. इंदिरा वर्मांची ग्रॅनी ऐकाच.

शून्यप्रहर

नवीन पुस्तकं येणार का, असा प्रश्न पुढे कोणी विचारेल म्हणून आत्ताच लिहितो. येणार नाहीत. अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याचं प्रॅचेट यांनी २००७ मध्ये स्वतः जाहीर केलं आणि त्यानंतरही ते बोलून, सांगून लिहवून घेत राहिले. अपुरं राहिलेलं लिखाण ज्या हार्ड डिस्कवर होतं ती त्यांच्या इच्छेनुसार ऑगस्ट २०१७ मध्ये डॉर्सेटच्या जत्रेत वाफेच्या रोडरोलरखाली घातली गेली. आपल्या अर्धवट कथा दुसऱ्या कोणी पूर्ण करू नयेत असं त्यांना वाटत होतं. मला तो निर्णय योग्य वाटतो. ४१ आहेत, ती पुरी आहेत.

अनघा_वाचते

अपडेट द्यायला आले. 'गार्ड्स! गार्ड्स!' मिळालं, आणि काल रात्री संपलं.

कॅरट घरी आईवडिलांना पत्रं लिहितो ती पानं मी दोनदा वाचली. लेडी सिबिल मला सगळ्यात जास्त आवडली. एवढी मोठी सरदारीण, पण रबरी बूट घालून आजारी ड्रॅगनांची पिल्लं सांभाळते, आणि व्हाइम्सकडे पहिल्यांदा कोणीतरी माणूस म्हणून बघतं ते तीच. शेवटी व्हेटिनारी आणि व्हाइम्स यांचं जे बोलणं होतं, सामान्य माणसं वाईटाला मान का तुकवतात त्यावरचं, ते वाचून मी भायखळ्याच्या पुढे कुठे आले ते कळलंच नाही.

आता लगेच 'मेन अ‍ॅट आर्म्स', की मध्ये दुसरं काही?

खिडकीपाशी

लगेच 'मेन अ‍ॅट आर्म्स'. ही दोन पाठोपाठ वाचावीत, सिबिल आणि व्हाइम्सचं पुढचं त्यात आहे. मग थांबून 'मॉर्ट' किंवा 'विर्ड सिस्टर्स', आणि नंतर 'फीट ऑफ क्ले'.

मृद्गंध

'विर्ड सिस्टर्स'! माझी प्रत ठाण्यातच आहे, हवी तर देते. व्यक्तिगत निरोप करा.

जुना_वाचक

आणि 'हॉगफादर' डिसेंबरपर्यंत राखून ठेवा. ते त्यांच्या वर्षअखेरच्या सणाचं पुस्तक आहे. त्याआधी 'मॉर्ट', 'रीपर मॅन' आणि 'सोल म्यूझिक' एवढी झालेली असावीत, म्हणजे मृत्यूची नात सुझन कोण ते आधीच माहीत असेल.